व्हर्च्युअल ब्युरेट कधी गळत नाही

एफवायबीएस्सीला केमिस्ट्री घेतलं की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी हातात पडतात. एक म्हणजे गूगल क्लासरूमचा कोड आणि दुसरी म्हणजे प्रॅक्टिकलला आणायच्या वस्तूंची यादी. कोडमागे व्हिडिओ, पीडीएफ, क्विझ आणि असाइनमेंट असतात. यादीत ॲप्रन, जर्नल, गॉगल, हात पुसायला जुनं फडकं, काचेवर लिहायचा मार्कर पेन. बहुतेक मुलं या दोन्हींना दोन वेगळे विषय समजतात. व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगानं पळवायचे, आणि प्रॅक्टिकलला शेजारचा जे करेल ते करायचं. गुण जातात ते याच फटीतून. ऑनलाइन भागातलं गणित लॅबमध्ये शिरण्याआधी करून घेतलं तर चार तासांचं प्रॅक्टिकल अडीच तासांत उरकतं, आणि चुकलेलं रीडिंग चुकलंय हे तिथल्या तिथे कळतं. नाहीतर ते कळतं आठवड्यानं, जर्नल तपासून परत मिळतं तेव्हा.

आधी वेळेचा हिशोब. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर ६० तास, म्हणजे चार-चार तासांच्या पंधरा पाळ्या. त्यातही पहिलं सत्र गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या मध्ये सापडतं. तुमची बॅच नेमकी सुट्टीच्या वारी आली तर प्रत्यक्षात अकरा-बारा पाळ्या हातात राहतात. चुकलेलं प्रॅक्टिकल नंतर 'रिपीट'मध्ये करता येतं, पण रिपीटच्या दिवशी लॅबमध्ये गर्दी असते, द्रावणं संपत आलेली असतात आणि चांगली ब्युरेटं (खाली तोटी असलेल्या खुणांच्या मोजनळ्या) आधीच कुणीतरी उचललेली असतात.

ऑनलाइन भाग दोन प्रकारचा असतो. पहिला कॉलेजचा स्वतःचा. दुसरा 'स्वयम्' किंवा 'एनपीटीईएल' या सरकारी ऑनलाइन मंचांवरचा कोर्स, ज्याचे क्रेडिट मार्कशीटवर येऊ शकतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करता येतात. पण तो कोर्स तुमच्या कॉलेजनं आणि विद्यापीठानं त्या सत्रासाठी मान्य केलेला असावा लागतो. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून हे लेखी विचारून घ्या, कोर्स संपल्यावर नव्हे. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) आयडी आधी काढून ठेवा, आणि त्यावरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, एवढ्यावरूनही क्रेडिट अडकून पडतात.

एनपीटीईएलची गुणपद्धत सोपी आहे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारा असाइनमेंट असतात, त्यातल्या सर्वांत चांगल्या आठ धरतात, त्यांचे २५ गुण. उरलेले ७५ गुण केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायच्या परीक्षेचे. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात. एकाची कमी दुसऱ्यानं भरून निघत नाही. मुदतीआधी असाइनमेंट कितीही वेळा सबमिट करता येते आणि शेवटची धरली जाते. त्यामुळे पहिल्या दिवशीच येतील तेवढी उत्तरं भरून एकदा सबमिट करून ठेवावं आणि मग सावकाश सुधारावं. शेवटच्या रात्री ११:५० ला वीज गेली तरी शून्य पडत नाही.

क्विझमध्ये आकडा टाइप करायचा असतो तिथे रसायनशास्त्रापेक्षा टायपिंगनं गुण जास्त जातात. वायूंच्या गणितात दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर वायू स्थिरांक आर ०.०८२१. ऊर्जा जूलमध्ये हवी असेल तर ८.३१४. तापमान नेहमी केल्व्हिनमध्ये, म्हणजे अंश सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून. मधल्या पायरीला आकडा गोल करायचा नाही, कॅल्क्युलेटरमध्ये तसाच ठेवायचा, शेवटी एकदाच गोल करायचा. आणि 'लॉग' व 'एलएन' ही दोन वेगळी बटणं आहेत. सूत्रात २.३०३ असेल तर लॉग, नसेल तर एलएन. गतिकीच्या (प्रक्रियेच्या वेगाच्या) गणितात उत्तर नेमकं २.३ पट चुकलं असेल तर कारण शोधायची गरज नाही, तेच आहे.

यापेक्षा मोठा सांधा निखळतो तो एककांमध्ये. ऑनलाइन व्हिडिओत सगळं मोलॅरिटीत (लिटरमध्ये किती मोल) चालतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमधल्या बाटल्यांवर अजून नॉर्मॅलिटी (लिटरमध्ये किती इक्विव्हॅलंट, म्हणजे एक हायड्रोजन किंवा एक इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचे वाटे) असते. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर. पोटॅशियम परमँगनेट आम्लधर्मी द्रावणात पाच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०२ मोलर. सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडला दोन्ही आकडे सारखेच. व्हिडिओतलं 'एम-वन व्ही-वन' सूत्र बाटलीवरच्या नॉर्मल आकड्यांवर चालवलं तर उत्तर योगायोगानं बरोबर येईलही, पण व्हिडिओतलं मोलचं गुणोत्तर घेऊन बाटलीवरचा नॉर्मल आकडा त्यात घातला तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं. जर्नलच्या शेवटच्या पानावर हा तक्ता एकदाच करून ठेवा आणि वर्षभर वापरा.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी एक गोष्ट. विरल म्हणजे डायल्यूट, संहत म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड, दर्शक म्हणजे इंडिकेटर, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट. जर्नलमध्ये हाच प्रेसिपिटेट आखडून 'पीपीटी' होतो. क्लासरूमवर सर 'पीपीटी अपलोड केलाय' म्हणतात तेव्हा मात्र तो अवक्षेप नसतो.

आता टायट्रेशन, म्हणजे अनुमापन: माहीत असलेल्या द्रावणाशी थेंबाथेंबानं प्रक्रिया करून दुसऱ्या द्रावणाची संहती काढणं. व्हायवात (तोंडी प्रश्नोत्तरांत), परीक्षेत आणि पुढे नोकरीतही हेच सगळ्यांत जास्त वेळा समोर येतं. शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्जवर किंवा अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकनं बनवलेल्या ओलॅब्जवर ते आदल्या दिवशी एकदा करून बघा. कुठलं द्रावण कुठे जातं, रंग कुठून कुठे बदलतो, रीडिंगचा तक्ता कसा भरतो, हे त्यातून पक्कं होतं. पण पडद्यावरचं ब्युरेट कधी गळत नाही, त्याच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकत नाही, आणि तिथला सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत नाही. लॅबमधल्या बऱ्याच चुका याच तीन ठिकाणच्या असतात.

नेहमीचा प्रयोग घ्या. ऑक्झॅलिक ॲसिडचं प्रमाण (म्हणजे संहती नेमकी माहीत असलेलं) द्रावण करायचं आणि त्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी काढायची. सोडियम हायड्रॉक्साइड सरळ वजन करून प्रमाण द्रावण होत नाही, कारण त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतात. काट्यावर ठेवल्या ठेवल्या वजन वाढत जातं. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक हवेत तसेच राहतात. त्यात पाण्याचे दोन रेणू धरून रेणुभार १२६.०७, म्हणून इक्विव्हॅलंट वजन त्याच्या निम्मं, ६३.०३५. १०० मिली ०.१ नॉर्मल द्रावणाला ०.६३० ग्रॅम लागतात, २५० मिलीला १.५७६ ग्रॅम.

वजन करताना दोन गोष्टी. पहिली, काटा किती दशांश स्थळं दाखवतो ते बघा. दोनच दाखवत असेल तर ०.६३ ग्रॅममध्ये ०.०१ ची चूक म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. तीच चूक १.५८ ग्रॅमवर पाऊण टक्क्याच्याही आत बसते. साधा काटा असेल तर २५० मिलीच करा. दुसरी, अगदी ०.६३०च यावं म्हणून स्पॅट्युलानं कण टाकत-काढत दहा मिनिटं घालवू नका. ०.६५ आलं तर ०.६५ लिहा आणि खरी नॉर्मॅलिटी काढा. ०.६५ भागिले ६३.०३५, मग १०० मिलीसाठी गुणिले १०, उत्तर ०.१०३१ नॉर्मल. 'नेमकं ०.१' नसलेलं द्रावण चुकीचं नसतं. ०.१ लिहून ०.१०३ वापरणं चुकीचं असतं.

स्फटिक बीकरमध्ये थोड्या डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा आणि फनेलमधून व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता. बीकर आणि फनेल वॉश बॉटलनं दोन-तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला. बीकरच्या कडेला राहिलेला पांढरा थर म्हणजे तुमच्या ०.६३ मधलाच वाटा. खुणेपर्यंतचे शेवटचे थेंब ड्रॉपरनं. बूच लावून फ्लास्क दहा-बारा वेळा उलटासुलटा करा. ही पायरी बरेच जण गाळतात. मग खालचं द्रावण घट्ट आणि वरचं पातळ राहतं, आणि तीन रीडिंग तीन वेगळी येतात. अशा वेळी दोष मात्र ब्युरेटला दिला जातो.

धुण्याचा नियम पाठ करण्यापेक्षा समजून घेतला तर कधी चुकत नाही. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक आकारमान मोजून घ्यायची नळी) शेवटी त्यांच्यात जे भरायचं त्याच द्रावणानं धुवायचं, कारण आत राहिलेलं पाणी द्रावण विरल करतं. ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये १ मिली पाणी राहिलं तर द्रावण २ टक्के विरल होतं, म्हणजे १०.० ऐवजी १०.२. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानंच धुवायचा. तिथे पाणी राहिलं तर काही बिघडत नाही, कारण पिपेटनं मोजून घातलेलं ॲसिड तेवढंच राहतं. तोच फ्लास्क ॲसिडनं धुतला तर मोजमापाबाहेरचं ॲसिड आत राहतं. व्हायवात 'कोनिकल फ्लास्क द्रावणानं का धुवायचा नाही?' हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर हेच आहे.

ब्युरेट भरल्यावर तोटी झटकन पूर्ण उघडून थोडं द्रावण जाऊ द्या, म्हणजे टोकातला बुडबुडा निघतो. तो टायट्रेशनच्या मधेच निघाला तर तेवढं आकारमान तुमच्या रीडिंगमध्ये वाढतं. भरायला वापरलेलं फनेल काढून ठेवा. वर राहिलं तर त्यातून थेंब मागाहून पडतो आणि रीडिंग कमी येतं. मग दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा, पातळी उतरतेय का. उतरत असेल तर ब्युरेट बदलून घ्या. लॅब असिस्टंटला सांगायला संकोच करू नका. गळकं ब्युरेट घेऊन दीड तास झगडण्यात काही शहाणपण नाही.

पिपेट तोंडानं ओढायचं नाही, रबरी बल्ब किंवा पिपेट फिलर वापरायचा. जुन्या सवयीच्या लॅबमध्ये अजून कुणी ओढताना दिसेल, तरीही नाही. द्रावण सोडल्यावर टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून थोडं थांबा, आणि टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकू नका. तो थेंब धरूनच पिपेटवर खूण केलेली असते.

रीडिंग घेताना डोळा पातळीच्या बरोबरीत हवा हे सगळ्यांना माहीत असतं. पण चूक नेमकी कशी होते ते लक्षात घ्या. ब्युरेटचं शून्य उंचावर असतं, म्हणून ते खालून बघितलं जातं. शेवटचं रीडिंग खाली असतं, म्हणून वरून वाकून बघितलं जातं. या दोन चुका एकमेकींना काटत नाहीत, एकाच दिशेनं जमा होतात, आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. उपाय सोपा आहे. शून्य बघताना स्टूलवर चढू नका, स्टँडचा क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घ्या. मागे पांढरा कागद धरा. रंगहीन द्रावणाची खालची कड वाचायची. परमँगनेटसारख्या गडद द्रावणाची खालची कड दिसतच नाही, तिथे सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरची कड.

फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब पुरतात. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर रंगहीन ते फिकट गुलाबी हा एंड पॉइंट (प्रक्रिया पूर्ण झाल्याची खूण). गडद राणी रंग आला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. त्यानंतर ती विरली तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच पुन्हा ८.३ च्या खाली गेलेला असतो. त्या विरण्याच्या मागे लागून आणखी थेंब घालत राहिलात तर प्रत्येक थेंबाला साधारण ०.०५ मिलीनं रीडिंग वाढत जातं. ऑक्झॅलिक ॲसिड दुर्बल, म्हणून इथे मिथाईल ऑरेंज चालत नाही. त्याचा रंग ३.१ ते ४.४ पीएचलाच बदलतो, तेव्हा बरंच ॲसिड शिल्लक असतं.

पायलट (अंदाजाचं पहिलं) रीडिंग एकेक मिली टाकत भरभर घ्या आणि तक्त्यात '१० ते ११' असं लिहा. मग तीन नेमकी रीडिंग. प्रत्येक वेळी ९.५ पर्यंत सरळ सोडा आणि पुढे थेंबाथेंबानं. दोन रीडिंग सारखी आली की ते सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. ती सारखी 'आणायची' नसतात. तिसरं ०.३ नं वेगळं आलं तर चौथं करा. शिक्षकांकडे त्या बाटलीचं खरं रीडिंग असतं आणि गुण त्याच्यापासूनच्या अंतरावर असतात, तुमच्या आकड्यांच्या आपसातल्या एकोप्यावर नव्हे. १०.४, १०.४, १०.४ असा सुरेख तक्ता आणि खरं उत्तर ९.८, हे दृश्य दर परीक्षेला दिसतं.

सीबीआर १०.४ असेल आणि पिपेटनं १० मिली ०.१ नॉर्मल ॲसिड घेतलं असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड १० गुणिले ०.१ भागिले १०.४, म्हणजे ०.०९६२ नॉर्मल. ४० नं गुणलं की लिटरला ३.८५ ग्रॅम. रीडिंग तीन अंकी आहे, तेव्हा कॅल्क्युलेटरवर दिसणारे ०.०९६१५३८४ हे सगळे अंक जर्नलमध्ये उतरवू नका. ऑनलाइन क्विझनं शिकवलेले सार्थ अंक कामाला येतात ते इथेच.

परमँगनेट विरुद्ध ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये थोडं वेगळं आहे. फ्लास्कमध्ये विरल सल्फ्युरिक ॲसिड भरपूर, बहुतेक लॅबमध्ये एक टेस्ट ट्यूब, आणि मग ६० ते ७० अंशांपर्यंत गरम. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडचंच क्लोरिन करतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे, ते घातलं तर रीडिंग कमी येतं. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो. पुढे प्रक्रियेतून तयार झालेलं मँगनीज तिचा वेग वाढवतं आणि थेंब पडताच रंग जातो. पहिला थेंब जाईपर्यंत थांबला नाहीत, किंवा ॲसिड कमी पडलं, तर तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. तो फ्लास्क ओतून द्या आणि नव्यानं घ्या. ऑक्झॅलिक ॲसिडऐवजी फेरस अमोनियम सल्फेट घेतलं तर गरम करायचंच नाही, कारण गरम केल्यावर फेरस हवेनंच ऑक्सिडाइज होतं.

घरून गणित करून जाण्याचा फायदा टायट्रेशनपेक्षा गतिकीत जास्त दिसतो. मिथाईल ॲसिटेटच्या जलविघटनात १०० मिली ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ५ मिली एस्टर (म्हणजे तेच मिथाईल ॲसिटेट) घालायचं, ठरावीक वेळेनं ५ मिली काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचं, असं समजा. एस्टरची घनता साधारण ०.९३, म्हणजे ४.६५ ग्रॅम, ७४ नं भागून ०.०६३ मोल. १०५ मिलीत ते विरघळलेलं आहे, म्हणून ५ मिलीत सुमारे ३ मिलिमोल, आणि ॲसिड साधारण २.४ मिलिमोल. सगळं एस्टर फुटल्यावर एकूण ५.४ मिलिमोल. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं तर शेवटचं रीडिंग ५४ मिलीच्या आसपास जाणार, आणि ब्युरेट ५० मिलीचं. हे आदल्या रात्री वहीवर कळलं तर सकाळी ०.२ नॉर्मल द्रावण मागून घेता येतं, मग रीडिंग २७ च्या जवळ येतं. लॅबमध्ये कळलं तर घड्याळ चालू, प्रक्रिया चालू, आणि तुम्ही ब्युरेट पुन्हा भरताय. प्रक्रिया बर्फानं थांबत नाही, फक्त मंदावते, म्हणून टायट्रेशनही लगेच उरकायचं. आणि वेळ लिहायची ती टायट्रेशन संपल्याची नव्हे, पिपेट बर्फाच्या पाण्यात अर्धं रिकामं झालं त्या क्षणाची.

उदासिनीकरणाच्या उष्णतेचंही तसंच. प्रबळ आम्ल आणि प्रबळ आम्लारी यांचा आकडा मोलला ५७.३ किलोजूल, जुन्या जर्नलांत १३.७ किलोकॅलरी. ५०-५० मिली १ नॉर्मल द्रावणं मिसळली तर तापमान जास्तीत जास्त ६.८ अंशांच्या आसपास वाढणार. एक-एक अंशाच्या खुणांचा थर्मामीटर घेऊन अर्ध्या अंशाचा अंदाज चुकला तर ७ टक्के गेले. ०.१ अंशाचा थर्मामीटर मागा. तो लॅबमध्ये असतो, फक्त कपाटात असतो.

क्षारांच्या गुणात्मक विश्लेषणावर इथे फार थांबत नाही, दोन जागा सोडून. तिसऱ्या गटाला अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड का, हे केएसपीच्या (विद्राव्यता गुणाकाराच्या) व्हिडिओतून समजून घ्या. क्लोराइड अमोनियम आयन वाढवून हायड्रॉक्साइड दाबून ठेवतं, नाहीतर मॅग्नेशियम तिथेच खाली बसतं आणि पुढच्या गटात सापडतच नाही. त्याआधी नायट्रिकचे थेंब घालून उकळणं विसरलात तर फेरस फेरिक होत नाही आणि लोह अर्धवट पुढे निसटतं. दुसरी जागा नायट्रेटची ब्राउन रिंग. फेरस सल्फेट ताजं हवं, टेस्ट ट्यूब थंड हवी, सल्फ्युरिक भिंतीवरून सावकाश सोडायचं, आणि त्यानंतर हलवायचं नाही. रिंग न दिसण्याचं कारण चारपैकी तीन वेळा हलवणं असतं.

सेंद्रिय भागात द्रवणांक काढताना अपेक्षित आकड्याच्या दहा अंश आधीपासून मिनिटाला दोनच अंश वाढू द्या. बेंझोइक ॲसिड १२२, युरिया १३२-१३३ अंश. घाईत तापवलं तर थर्मामीटरचं आणि कॅपिलरीचं जमत नाही, आणि या दोन पदार्थांमधला दहा अंशांचा फरकही ओळखता येत नाही.

अंगावर सल्फ्युरिक सांडलं तर आधी नळाखाली पाणी, भरपूर, पंधरा मिनिटं, बाकी सगळं नंतर. विरल करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. ओढणी आणि केस बांधलेले. लेन्स घालून येऊ नका. एवढं पुरे.

जर्नलचं तंत्र म्हणजे लॅबमध्ये जाताना हेतू, उपकरणं, तत्त्व, रिकामा तक्ता आणि सूत्र आधीच लिहिलेलं हवं. रीडिंग थेट शाईनं, त्याच तक्त्यात. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला लिहायचं, पांढरी शाई नाही आणि आकड्यावर आकडा तर मुळीच नाही. ७.१ चं ७.४ केलेलं खोडरबरापेक्षा जास्त उठून दिसतं. आठवड्याचं जर्नल त्याच आठवड्यात सही करून घ्या. सत्राच्या शेवटी बारा प्रयोगांवर एकदम सह्या मागायला गेलेल्यांची रांग स्टाफरूमच्या बाहेर असते, आणि सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. फुटलेल्या काचेचंही तसंच आहे. ब्रेकेजच्या वहीत त्याच दिवशी नोंद करून घ्या, म्हणजे डिपॉझिटमधून दुसऱ्याचं पिपेट कापलं जात नाही.

निघताना ब्युरेट रिकामं करून पाण्यानं दोनदा धुवा. सोडियम हायड्रॉक्साइड काचेच्या तोटीत तसंच राहिलं तर तोटी घट्ट बसते आणि पुढच्या बॅचमधला कुणीतरी ती जोर लावून तोडतो. परमँगनेटचा तपकिरी डाग पाण्यानं जात नाही. उरलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये थोडं विरल सल्फ्युरिक घालून त्यानं धुतलं की लगेच जातो. मग तोटी उघडी ठेवून ब्युरेट स्टँडला उलटं लावा.